पुसलेलंच पुसायचं

आमच्या माहेरी तुपाचं भांडं कधी थेट घासायला पडलं नाही. तूप काढून झालं की आई त्यात गरम पाणी घालायची, खळबळून घ्यायची आणि त्याच पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवायची. आमटीच्या पातेल्याच्या कडासुद्धा ती बोटानं निपटून घ्यायची. अशा घरात वाढलेली मी, लग्न होऊन नाशिकला आले, सिडकोत संसार मांडला, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि एका वर्षी श्रावणापासून पार थंडी पडेपर्यंत चांगलं, नवंकोरं, डब्यातलं सोल्युशन रोज मातीत ओतत राहिले. वर पुन्हा आपण पुण्य करतोय अशी माझी समजूत होती.

सोल्युशन म्हणजे चिकटवायचं पिवळं घट्ट रसायन. सायकलच्या पंक्चरला लावतात त्याच जातीचं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट ही. आमच्याकडे विजेच्या मीटरची झाकणं तयार व्हायची. काळं झाकण, त्याला समोर आकडे दिसायला काचेची खिडकी. आमच्या ओळीतल्या बायकांनी त्या खिडकीच्या कडेला सोल्युशन लावायचं, त्यावर काच ठेवायची, दाबायची आणि झाकण पुढं सरकवायचं. सोल्युशन लावायला ब्रश होते. आता ब्रश म्हटला की जिथं नको तिथं लागणारच. काचेवर ओघळ यायचे, कोपऱ्यात गुठळ्या व्हायच्या. म्हणून ओळीच्या शेवटी एक बाई नुसती पुसायला बसवलेली होती. थिनरमध्ये चिंधी बुडवायची, ओघळ पुसायचे, काच लखलखीत करायची आणि झाकण खोक्यात ठेवायचं. ती बाई म्हणजे आमची मावशी.

मावशी आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. मखमलाबादच्या माळ्याच्या घरातली, आयुष्यभर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधलेली. फुलांच्या भरलेल्या टेम्पोवरून नवरा पडला आणि त्याची कंबर कायमची गेली. शेत दिरांकडे राहिलं. हिच्या वाट्याला दोन शिकत्या मुली आणि खाटेवरचा नवरा आला. मग ठेकेदाराकडून ती कारखान्यात लागली. आम्ही बाकीच्या कायम होतो, ती एकटी ठेक्यावर. आमच्या आणि तिच्या पगारात मोठा फरक होता, पण त्याहून मोठा फरक सकाळी गेटवर दिसायचा. आम्ही आमचं कार्ड मशिनीत घालून आत जायचो. ठेक्यावरच्या लोकांना बाहेर थांबावं लागायचं. ठेकेदाराचा मुकादम हातात पासांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि एकेक पास वाटायचा. ज्याचा पास गठ्ठ्यात निघाला नाही, त्यानं समजून घ्यायचं. कुणी काही सांगायचं नाही, कारण द्यायचं नाही. मुकादम रिकामे हात झटकून चहाच्या टपरीकडे जायचा.

त्याच वर्षी कंपनीत सुधारणेचं वारं आलं होतं. जपानी नावाचे मोठे मोठे फलक लागले. कामात वाया काय जातं ते शोधा, रोज थोडं बरं करा, असं त्यावर लिहिलेलं. कँटीनशेजारी सूचनांची एक लाल पेटी टांगली. चांगल्या सूचनेला स्टीलचा डबा बक्षीस! पहिल्या महिन्यात पेटीत सगळ्या चहाबद्दलच्याच तक्रारी निघाल्या. सुधारणेसाठी पुण्याहून एक तरुण साहेब आले होते. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ते ओळीच्या मागं तासन् तास उभे राहायचे, म्हणून आम्ही त्यांना घड्याळवाले साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण मागं कुणी घड्याळ घेऊन उभं राहिलं की माझ्या हातापायाला घाम फुटायचा आणि घाम फुटला की मला राग येतो. माझा रागच तसा आहे, त्याला काही कारण लागत नाही.

मग पलीकडच्या ओळीत कुणीतरी खरंच चांगली सूचना टाकली. ट्रे टेबलाच्या खाली न ठेवता शेजारी उतरत्या फळीवर ठेवायचे, म्हणजे ते उचलून द्यायला माणूस लागत नाही. फळी बसली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या, डबा मिळाला. आणि पुढच्याच आठवड्यात, ट्रे उचलून द्यायच्या त्या ठेक्यावरच्या दोघींचे पास गठ्ठ्यात निघाले नाहीत. दुपारी जेवताना आम्हाला कळलं. ज्यानं सूचना दिली होती त्या बिचाऱ्यानं तो डबा घरी नेलाच नाही, कपाटात ठेवून दिला. त्या दिवसापासून लाल पेटीत चहाच्या तक्रारीसुद्धा पडेनात.

आणि नेमकी त्याच सुमारास नागपंचमी आली.

आमच्या ओळीत एक नवी मुलगी होती, लग्न ठरलेली. मेंदी काढण्यात तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आम्हा सगळ्यांच्या हातावर मेंदी काढली. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून तिनं घरून कोन करून आणले होते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे एक रिकामा कोन उरला होता. तिला काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं त्यात सोल्युशन भरलं, टोकाची टाचणी काढली आणि खिडकीच्या कडेनं मेंदीची वेल काढावी तशी एक रेघ ओढली. बारीक, सारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. काच ठेवली, दाबली. ना ओघळ, ना गुठळी. झाकण शेवटी मावशीच्या पुढं गेलं. मावशीनं ते उजेडाकडे धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि चिंधी न लावता खोक्यात ठेवलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली असणार, कारण कुणीच हसलं नाही.

"हे साहेबांना दाखवायचं नाही," मी म्हटलं. ओळीची लीडर मीच होते. "कळलं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मेंदीवाली म्हणाली, "पण ताई, किती सोपं जातंय. हाताला थिनर लागत नाही, डोकं चढत नाही."

"वापरायचं. पण दाखवायचं नाही. पुसायला काही उरलं नाही असं दिसलं, की मावशीचा पास गेला म्हणून समज."

यावर कुणी वाद घातला नाही. मावशी तिथंच दोन हातांवर बसली होती, तिनं सगळं ऐकलं. पण तिला काय वाटतं, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. आपण तिचं भलंच करतोय, मग विचारायचं काय, असा आमचा हिशोब.

तर मग आमचं नाटक सुरू झालं. कोन डब्याच्या पिशवीत लपवून आणायचे. साहेबांची चाहूल लागली की कोन मांडीवर आणि हातात ब्रश. मेंदीवालीची नजर दाराकडे असायची. ती खोकली की आम्ही ब्रश उचलायचो. एकदा तिला खरोखरचा खोकला झाला तेव्हा आमचा आठवडाभर फार गोंधळ उडाला. काम लवकर उरकायचं, म्हणून मुद्दाम सावकाश करायचो. आणि शेवटी मावशी. तिच्यापुढं स्वच्छ झाकण यायचं, ती चिंधी थिनरमध्ये बुडवायची, स्वच्छ काच पुसायची आणि स्वच्छ झाकण खोक्यात ठेवायची. दिवसभर हेच. कोरड्या चिंधीनं पुसलं असतं तरी चाललं असतं, पण थिनरचा वास आला नाही तर साहेबांना संशय येईल, म्हणून मीच तिला थिनर वापरायला सांगितलं होतं. माझी अक्कल तेव्हा अशी धावत होती.

पहिली अडचण स्टोअरमध्ये आली. ब्रशनं काम चालायचं तेव्हा दिवसाआड सोल्युशनचा डबा लागायचा. कोनात ते इतकं कमी लागायला लागलं की डबा आठवडाभर पुरून वर उरायचा. स्टोअरचे भाऊ एक दिवस सहज म्हणाले, "काय ताई, बरेच दिवस डबा न्यायला आला नाहीत. काम बंद आहे का?" सहजच विचारलं त्यांनी. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून मी पूर्वीसारखीच दिवसाआड डबा उचलायला लागले. आणि उचललेला डबा संपलेला दिसायला हवा, म्हणून संध्याकाळी सायकल स्टँडच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या खड्ड्यात तो ओतायला लागले. रोज थोडं थोडं. ओतताना मी तोंड दुसरीकडे करायची. आईची ती कणीक आठवायची आणि असा काही संताप यायचा, की घरी गेल्यावर नवऱ्यावर निघायचा. तो बिचारा विचारायचा, "आज काय झालं?" काय सांगणार? सुधारणा झाली, असं सांगू?

मग बकरीचं प्रकरण झालं. कंपाउंडची भिंत एका जागी पडलेली होती आणि अंबड गावातल्या बकऱ्या तिथून आत यायच्या. दसऱ्याच्या आसपास एका दुपारी एक बकरी सायकल स्टँडकडून आवारात आली ती चारी पायांत वाळलेल्या पानांचे बूट घालूनच. एकेक पाय झटकत, ओरडत चालली होती. मागोमाग तिची मालकीण गेटवर येऊन उभी. "काय केलं रे माझ्या बकरीला? काय टाकलं कंपनीवाल्यांनी? लय मुकं जनावर ते!" वॉचमनला वाटलं जनावराला रोग झालाय, तो लांबूनच काठी दाखवत होता. गलका ऐकून घड्याळवाले साहेब बाहेर आले. त्यांनी बकरीचा एक पाय हातात धरला, पान ओढलं, बोटांना वास घेतला. मी खिडकीतून बघत होते. साहेबांनी बोटं रुमालाला पुसली, आमच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि वॉचमनला म्हणाले, "थिनर आणून पाय पुसून द्या तिचे." बस, एवढंच. विचारपूस नाही, काही नाही. मी खड्ड्यावर माती लोटली आणि दुसरा खड्डा शोधला.

दिवाळी झाली. थंडी पडली, सोल्युशन सकाळी घट्ट राहायला लागलं, कोन थोडा वेळ उन्हात ठेवावा लागायचा. आणि एक दिवस साहेब येऊन म्हणाले, "उद्या मी तुमच्या ओळीत पुसण्याचं काम बघणार आहे. वेळ लावून." आम्ही माना डोलावल्या. ते गेल्यावर आमच्या तोंडचं पाणी पळालं. स्वच्छ झाकण पुसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं, की भांडं फुटणारच होतं.

त्यावर मी शोधलेला उपाय आजही आठवला की मला माझंच हसू येतं. दुसऱ्या दिवशी साहेब मावशीच्या मागं उभे राहिले. मी ब्रश घेऊन बसले, पण कोनाच्या सवयीनं हात इतका बसला होता की ब्रशनंही ओघळ येईना, म्हणून झाकण पुढं सरकवण्याआधी अंगठा सोल्युशनमध्ये बुडवून चांगल्या काचेवर फासला. एकदा नाही, प्रत्येक झाकणाला. कुणी पुसावं म्हणून घाण करत बसले. झाकण मावशीपुढं गेलं. तिनं त्यावरचा माझ्या अंगठ्याचा ठसा पाहिला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून ती तो ठसा पुसायला लागली. असं दिवसभर चाललं. साहेबांनी वेळ लिहून घेतला आणि गेले. मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी हूटर झाला, आम्ही हात धुवायला गेलो. मावशी आमच्याबरोबर आली नाही. ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून दिसत होतं: मावशी उभी, साहेब उभे. मावशीनं पदराखालून एक कोन काढला आणि टेबलावर ठेवला.

मला इतका राग आला की मी तिच्यासाठी थांबलेसुद्धा नाही. महिनोन् महिने आम्ही जीव मुठीत धरून हिची नोकरी राखली आणि हिनं स्वतः जाऊन ती साहेबाच्या टेबलावर ठेवली! रात्री मला जेवण गेलं नाही. दुसरा दिवस आमच्या सुट्टीचा होता. सकाळी उठले, तावातावानं बस पकडली आणि मावशीला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मखमलाबादला तिच्या घरी गेले.

अंगणात शेवंतीचा ढीग पडला होता. तिचा नवरा खाटेवर बसून हार ओवत होता, मावशी खाली बसून त्याला एकसारखी फुलं निवडून देत होती. मला पाहून ती म्हणाली, "ये. चहा टाकते."

"चहा नको," मी म्हटलं. "मावशी, काय केलंत हे? स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"माझ्याच पायावर ना? मग तू कामून ओरडती?"

ती उठली, चहा टाकलाच. चहा उकळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून बोलत राहिली. "पुसलेलंच पुसायचं, पोरी. सकाळधरनं संध्याकाळपर्यंत. घरी आल्यावर हात दुखत नव्हते, पण मला झोप लागत नव्हती. धाकली पोरगी विचारायची, आई, आज काय काम केलं? काय सांगू तिला? घाण पुसत होते तव्हा निदान घाण तरी जात होती."

"पण आम्ही तुमच्यासाठीच..."

"ठावं हाय मला. तुम्ही लय केलं. म्हणून तर इतके दिस गप बसले." ती वळली. "पन काल तू चांगल्या काचेला सोल्युशन फासलं. माझ्यासाठी. उद्या आणखी काय करशील? आमच्यात पाट फुटला तर मानूस अंथरुणातनं उठून चिखल लावायला पळतो. आन् तू रोज डबा ओतती. मला दिसत नाय व्हय? माझ्यापायी तुझ्या हातनं नासाडी व्हायला लागली, मग त्या पगाराची भाकर मला गोड लागंल का?"

मी शेवंतीच्या ढिगाकडे बघत बसले. डोळे भरून आले होते आणि रडायचं नव्हतं, कारण मी भांडायला आले होते.

"साहेब काय म्हणाले?"

"बघतो म्हटले. मोठ्या साहेबांशी बोलतो म्हटले. मी त्यांना दुसरंच विचारलं." मावशीनं कपबशी माझ्यापुढं ठेवली. "त्या दोघींचं विचारलं. ट्रेवाल्या. त्या दिशी गेटवर मी व्हते ना. मला माझा पास मिळाला आन् मी हूटर व्हायच्या आत पळाले. मागं वळून बघितलं नाय, कोन राहिलं, कोन आलं. दुपारी कळलं तव्हा त्या घरी पोचल्या व्हत्या. ते मला लय लागलं, पोरी. आपला पास मिळाला की मानूस मागं बघत नाय."

चहा घेऊन मी निघाले. बसस्टॉपपर्यंत आल्यावर लक्षात आलं, की तिला एक शब्दही ऐकवायचा राहिला. ऐकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंही नव्हतं. 'बघतो' हा साहेबलोकांचा शब्द मला चांगला ठाऊक होता. पुष्कळ कामं मी त्या 'बघतो'मध्ये बुडालेली पाहिली होती. आता मावशीचा पास निघणार नाही, असंच मी धरून चालले.

सुट्टीनंतरच्या सकाळी मी वेळेच्या खूप आधी गेटवर गेले. थंडी मरणाची होती. कार्ड मशिनीत घातलं, पण आत गेले नाही. गेटच्या आतल्या बाजूला उभी राहिले. बाहेर ठेक्यावरची माणसं जमली होती, त्यात मावशी, डोक्यावरून शाल घेतलेली. मुकादम आला. गठ्ठा काढला, नावं पुकारायला लागला. एकेक जण पुढं होऊन पास घेत होता आणि आत पळत होता. गठ्ठा पातळ होत चालला. मावशीचं नाव नाही. मी मनात नवस बोलायला लागले, आणि नवसावर माझा कधी विश्वास नव्हता. मुकादमाच्या हातात आता चार-पाच पास उरले असतील. त्यानं एक पास वर काढला, त्यावर काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मावशीचं नाव पुकारलं.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मी गेटच्या गजाला धरून ढसाढसा रडले. वॉचमन विचारायला लागला, ताई, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, "बरं आहे हो, सगळं बरं आहे, तुम्ही तुमचं काम करा." त्याच्यावर ओरडलेच मी. आनंद झाला की मी असंच करते.

मावशीनं पास घेतला, पण ती आत येईना. मुकादमाच्या शेजारी बाजूला उभी राहिली. मी हातानं खुणावलं, चला, हूटर होईल. ती जागची हलली नाही. मुकादमानं उरलेले पास वाटले. शेवटचा माणूस पास घेऊन आत पळाला. मुकादमानं हात झटकले आणि टपरीकडे वळला. मावशीनं रस्त्याकडे पाहिलं, गेटच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. बाहेर कुणी उभं नव्हतं. मग ती आत आली.

"कोनी राहिलं नाय," ती मला म्हणाली. "चल आता."

त्या दिवशी साहेब आमच्या ओळीत आले, मोठे साहेबही बरोबर होते. मोठ्या साहेबांनी सगळ्यांपुढं सांगितलं, की सुधारणेमुळं कुणाचं काम कमी झालं तर त्याला दुसरं काम मिळेल. सुधारणा केली म्हणून कुणाचा पास थांबणार नाही. घड्याळवाले साहेब मागं उभे होते, फार झोप न झाल्यासारखे. नंतर मला एकटीला म्हणाले, "बकरीच्या दिवशीच मला वास आला होता. पण मी विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता आणि ते मला लिहावं लागलं असतं. कुणीतरी आपण होऊन यायची वाट बघत होतो." मी म्हटलं, "मग पुसण्याचा वेळ कशाला लावलात? आमचा जीव घेतलात की!" ते हसले. म्हणाले, "त्याशिवाय कोण आलं असतं?"

मावशीला कोन करायचं काम मिळालं. प्लास्टिक कापायचं, वळवायचं, सोल्युशन भरायचं, टाचणी लावायची. जुड्या बांधलेले हात ते. तिचे कोन कधी फुटले नाहीत. पुढं कारखान्यानं नळीच्या बाटल्या आणल्या आणि कोन गेले, तेव्हा ती पॅकिंगला गेली. स्टीलचा डबा मेंदीवालीला मिळाला, तो ती लग्नानंतर मनमाडला सासरी घेऊन गेली. ट्रेवाल्या दोघींना बोलावणं गेलं. एक संक्रांतीच्या आधी परत आली. दुसरी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर लागली होती; ती म्हणाली, मी इथं बरी आहे. लाल पेटीत पुन्हा चहाच्या तक्रारी यायला लागल्या, आणि हळूहळू बाकीच्या सूचनाही. माझ्या घरीही शांतता झाली. नवऱ्यानं कधी कारण विचारलं नाही, ओरडा थांबला यातच तो खूश होता.

मावशी त्या सकाळपासून रोज तशीच थांबायला लागली. आपला पास घ्यायचा, बाजूला व्हायचं, शेवटचा पास जाईपर्यंत उभं राहायचं आणि मग आत यायचं. मुकादम सुरुवातीला चिडायचा. पुढं त्याला सवय झाली, शेवटचा पास देताना तोच म्हणायचा, "मावशी, संपले."

नव्या शतकात पास गेले. सगळ्यांनाच, कायम असो की ठेक्याचे, बोट लावायचं मशीन आलं. बोट लावलं की हिरवा दिवा लागायचा आणि आडवा दांडा उघडायचा. मावशीच्या नोकरीची शेवटची वर्षं होती ती. पहिल्या दिवशी मी तिच्या मागं उभी होते. तिनं बोट ठेवलं. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल. आधी जुड्यांनी, मग थिनर-सोल्युशननं झिजलेली बोटं. त्यांच्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. मागची रांग कुजबुजायला लागली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, बोट पदराला नीट पुसलं, एकदा फुंकर घातली आणि ठेवलं. हिरवा दिवा लागला.

दांडा उघडला. ती आत गेली आणि सवयीनं बाजूला उभी राहिली, दिव्याकडे डोळे लावून. एकेकाचं बोट, एकेक हिरवा दिवा. माझंही बोट लागलं. हूटर झाला तरी मी पुढं गेले नाही, रांग संपेपर्यंत तिच्याशेजारीच थांबले.